टुणटुणचं एखादं काम नावानिशी आठवतं का?

रेडिओवेडी
आज २४ नोव्हेंबर. २००३ साली याच दिवशी टुणटुण गेली. मी तिला एकेरीच म्हणणार, लता-आशाला म्हणतो तसं.

मूळचं नाव उमादेवी खत्री. जन्म ११ जुलै १९२३, उत्तर प्रदेशात अमरोह्याजवळच्या एका खेड्यात. जमिनीच्या भांडणातून आईवडील मारले गेले तेव्हा ती अगदी लहान होती. पुढे भाऊही गेला. नातेवाइकांकडे घरकाम करत वाढली आणि विशी ओलांडल्यावर एकटीच मुंबईला आली, गायिका व्हायला. हिंदी सिनेमातली पहिली विनोदी नटी म्हणून तिचं नाव घेतात, पण हसवायचं तिच्या मनातही नव्हतं.

मला तुम्हा सगळ्यांना एक विचारायचं आहे. टुणटुण कोणाला माहीत नाही? चेहरा डोळ्यांसमोर येतो, चालणं येतं, आवाज येतो. पण "तिचं कुठलं काम आठवतं?" असं घरात, ऑफिसात ज्याला ज्याला विचारलं तो गप्प झाला. पात्राचं नाव, प्रसंग, एखादा संवाद, काहीही सांगा. जवळजवळ दोनशे सिनेमे केलेल्या बाईचं एवढं तरी आपल्याजवळ असायला हवं.

जुनी_तबकडी
चांगला धागा. आमच्या चाळीत रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा हिंदी सिनेमा बघायला सगळा मजला एका खोलीत जमायचा. टुणटुण पडद्यावर आली की पोरं आधीच हसायला लागायची. ती अजून काही बोललेलीही नसायची.

पात्र विचाराल तर 'प्यासा'तली पुष्पलता. नायक विजयची कॉलेजातली जुनी ओळख. त्या काळवंडलेल्या सिनेमात ती येते आणि दोन मिनिटं खिडकी उघडल्यासारखं होतं. गुरुदत्तने तिला 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५' आणि 'प्यासा' अशा तीन सिनेमांत घेतलं. त्याला तिची किंमत कळली होती.

चिंचपोकळी_फास्ट
पुष्पलता +१. दुसरं नाव डोकं खाजवूनही आठवेना.

कांदेपोहे
मी लेकीला विचारलं, "टुणटुण कोण?" तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "चुटकीची आई! लाडू करते ती!" छोटा भीममधली टुणटुण मौसी हो. हे नाव कुठून आलं असेल ते सांगायला नकोच. तेव्हा रेडिओवेडी, तुमच्या प्रश्नाला आमच्या घरून पात्र, व्यवसाय आणि पदार्थ असं सगळं उत्तर आलेलं आहे. :)

सातारी_कंदी
@कांदेपोहे, लाडू खाल्ले की भीमाला ताकद येते. म्हणजे अख्खं ढोलकपूर टुणटुणच्या जिवावर चाललंय!

मोगरा
मला या विषयावर हसू येत नाही. कोणाला बोल लावायचा नाही, पण लिहिते.

शाळेत मला टुणटुण म्हणायचे. पीटीच्या तासाला दोरीवरच्या उड्या असायच्या. माझा नंबर आला की रांगेतून हळूच "टुण, टुण, टुण" असा ठेका सुरू व्हायचा, उडीगणिक एक. सर ऐकायचे आणि हसायचे. माझं खरं नाव न घेता मला हाक मारता येते, हे वर्गात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दहावीला शाळा सुटली तेव्हा मैत्रिणींचा निरोप घेताना मी रडले नाही, एवढी सुटका झाल्यासारखं वाटलं.

तिचे सिनेमे मी कधी पाहिले नाहीत. लागले की उठून जायचे. पण धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे असं वाटतं. प्रसंग आठवत नाही कारण प्रसंग लिहिलेलाच नसायचा. जाड बाई दारातून येते, लोक घाबरतात, ती कोणाच्या तरी अंगावर पडते. यात आठवायचं काय?

खमंग
मोगराताई, तुमच्याशी वागले ते फार वाईट वागले, त्या सरांसकट. पण त्याचा हिशोब टुणटुणच्या नावावर मांडू नका. त्या काळी सगळ्याच विनोदी नटांच्या अंगावरच विनोद असायचे. मुकरीची उंची, केश्तो मुखर्जींचं झिंगणं. आपला धुमाळ घ्या. तो पडद्यावर आला की बाप, मामा किंवा मुनीम होऊन फसणार, हे ठरलेलंच असायचं. साचे होते आणि त्यात बसेल त्याला काम मिळत होतं. आईबाप नाहीत, शिक्षण नाही, अशा बाईने या शहरात चाळीस वर्षं स्वतःच्या कमाईवर काढली. मला तरी हे फार मोठं वाटतं.

मोगरा
खमंग, मी तिच्यावर काहीच मांडत नाही. लिहिणाऱ्यांवर मांडते.

मुकरींचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. मुकरी म्हटल्यावर लोक काय म्हणतात? 'शराबी'तला नत्थूलाल. त्याच्या मिशा. 'अमर अकबर अँथनी'तला तय्यब अली. म्हणजे बुटका असला तरी त्याला नाव होतं, मिशा होत्या, पोरीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारा बाप होता तो. जॉनी वॉकर म्हटलं की 'प्यासा'तला तेलमालिशवाला अब्दुल सत्तार. तोच सिनेमा! सत्तारला अख्खं गाणं दिलं आणि ते आज सत्तर वर्षांनी लोकांच्या तोंडी आहे. पुष्पलताचं नाव इथे दोघांना आठवलं, तेही जुन्या सिनेमाच्या वेडाने.

खमंग
हा मुद्दा मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तानपुरा_मिरज
सगळे तिच्या शरीरावर बोलताहेत, गळ्यावर कोणीच नाही, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

मुंबईत आल्यावर ती थेट संगीतकार नौशादच्या दारात जाऊन उभी राहिली. "गाऊन बघा, संधी दिली नाहीत तर समुद्रात जीव देईन," असं तिने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. नौशादने ऐकलं आणि तिथल्या तिथे घेतलं. निर्माते-दिग्दर्शक कारदारांकडे महिना पाचशे रुपयांवर करार झाला. चाळीसच्या दशकातले पाचशे रुपये, हे लक्षात घ्या. कुठल्याही घराण्याची तालीम नाही. नूरजहाँची गाणी ऐकून ऐकून कान तयार झालेला.

मग १९४७ चा 'दर्द'. गीतकार शकील बदायुनींचा हा पहिला सिनेमा. त्यात 'अफसाना लिख रही हूँ' हे उमादेवीचं गाणं. पडद्यावर मुनव्वर सुलताना. याच सिनेमात सुरैया, शमशाद बेगम अशा नावाजलेल्या गायिका आहेत, आणि सुरैयाबरोबर 'बेताब है दिल' हे युगुलगीतही उमादेवीने गायलंय. तरी 'दर्द' म्हटल्यावर आधी आठवतो तो या नवख्या पोरीचा आवाज.

आता ते गाणं नीट ऐका. मुरक्या नाहीत, ताना नाहीत. आवाज सरळ, मोकळा, किंचित नाकात. पण शब्द कसा टाकते ते ऐका. 'अफसाना' म्हणताना घाई नाही, आणि 'बेकरार'वर येईपर्यंत ती श्वास असा पुरवून आणते की ओळ कुठे तुटत नाही. तो स्वर विरहाचा आहे, पण त्यात रडं नाही. बाई हसत हसत दुःख सांगते आहे असं वाटतं. नौशादने चाल तिच्या गळ्याला बेतून दिली आहे. गळ्याचा पल्ला मोठा नव्हता, तो त्यानेही ओळखला होता आणि तिनेही.

त्यानंतर 'अनोखी अदा' (१९४८), आणि मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा भव्य 'चंद्रलेखा' (१९४८). त्यातली सात गाणी तिची. 'सांझ की बेला' ऐका, वेगळीच उमादेवी सापडेल. पण १९४९ उजाडलं आणि 'महल', 'बरसात', 'अंदाज' एकाच वर्षात आले. लताचा आवाज आला. त्यापुढे जुन्या धाटणीच्या कितीतरी गायिका मागे पडल्या, त्यात ही पण.

मग नौशादनेच सुचवलं की तू इतकी बोलघेवडी आहेस, विनोदी कामं कर. त्यावर बाईची अट काय? पहिलं काम करीन तर दिलीपकुमारबरोबर! आणि ती अट तिने पुरी करून घेतली. १९५० चा 'बाबुल'. टुणटुण हे नाव तिथून चिकटलं. संगीत नौशादचंच, पण गाणी आता तलत, शमशाद, लता यांच्याकडे. आपल्या पहिल्या गुरूच्या सिनेमात ती होती आणि गात मात्र नव्हती.

मला स्वतःला असं वाटतं की तिचं विनोदाचं टायमिंग गाण्यातूनच आलेलं आहे. समोरच्याचा संवाद संपला की ती लगेच बोलत नाही. किंचित थांबते आणि मग आवाज चढवून येते, अगदी समेवर. तिचा प्रसंग डोळे मिटून ऐकून पाहा. तरीही हसू येतं.

चिंचपोकळी_फास्ट
एक मिनिट. 'अफसाना लिख रही हूँ' टुणटुणने गायलंय??? मी आजवर शमशाद बेगमचं समजून ऐकत होतो!

आत्ता आईला फोन केला. "तुला माहीत होतं का?" म्हटलं तर माहीत होतं की नव्हतं ते सांगायच्या आधी ती गायलाच लागली. मुखडा, पहिला अंतरा, सगळं. तिकडे भाजी करपल्याचा बाबांचा आवाज येईपर्यंत थांबली नाही.

कांदेपोहे
काकूंना दंडवत. आणि काकांना बाहेरून जेवण मागवायला सांगा. :)

जुनी_तबकडी
अवांतर, पण राहवत नाही. शमशादचं समजायला जागा आहे. त्याच 'दर्द'मध्ये शमशादचं 'हम दर्द का अफसाना' आहे. दोन्हींत 'अफसाना', त्यामुळे घोळ होतोच.

आमच्याकडे सकाळी साडेसातला रेडिओ सिलोन लागायचं. पुरानी फिल्मों का संगीत. शेवटचं गाणं सैगलचं, ते लागलं की आठ वाजत आले असं समजून आम्ही दप्तरं उचलायची. वडील त्याच वेळी खिडकीला आरसा लावून दाढी करायचे. उमादेवी लागली की त्यांचा ब्रश गालावर तसाच थांबायचा. गाणं संपेपर्यंत फेस वाळून जायचा आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून साबण लावायचे. त्यांना उमादेवी आणि टुणटुण एकच हे पक्कं माहीत होतं. पण सिनेमात ती दिसली की ते कधी हसत नसत. "गाणारी बाई आहे ती," एवढंच म्हणायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, यांना विनोदच कळत नाही.

मोगरा
जुनी_तबकडी, तुमच्या वडिलांना मी भेटायला हवं होतं.

सातारी_कंदी
थोडं वेगळं विचारतो. आपल्या मराठीत बायकांना विनोदी कामं तरी बरी मिळाली का? शुभा खोटेंचं बघा. सायकलिंग आणि पोहण्यातल्या चॅम्पियन, 'सीमा'तून (१९५५) सिनेमात आल्या. मग मेहमूद, धुमाळ आणि त्या असं त्रिकूट जमलं. 'ससुराल', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो'. तिथे त्यांच्या अंगकाठीवर हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लेखकाला खरंखुरं काही लिहावं लागलं. प्रियकर, बाप आणि मधे ती, असा पूर्ण उपकथानकाचा भाग असायचा.

खमंग
मराठीत फरक पडला तो नाटकामुळे. 'शांतेचं कार्टं चालू आहे'मधल्या नयनताराबाई घ्या, किंवा दया डोंगरे, रसिका जोशी तर नाटक-सिनेमा दोन्हीकडे. यांच्या हातात वाक्यं होती. नाटकात नुसतं दारातून आत येऊन भागत नाही, पुढे दोन तास प्रेक्षक समोर बसलेला असतो. टुणटुणला रंगभूमी मिळाली असती तर काय झालं असतं, असा विचार येतो.

आणि एक आठवलं. जॉनी वॉकर गेले २९ जुलै २००३ ला. टुणटुण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. चार महिन्यांच्या आत गुरुदत्तच्या सिनेमातली दोन हसरी माणसं गेली. आपले भगवानदादा त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत. तेही दादरच्या चाळीत.

रेडिओवेडी
भगवानदादांवर वेगळा धागा काढा खमंग, मी नक्की लिहीन. इथे टुणटुणवरच राहू या. :)

मोगरा
काल रात्री ते गाणं लावलं. हेडफोन लावून, दिवे बंद करून, तानपुरादादांनी सांगितलं तसं शब्दाकडे कान देऊन. मग 'सांझ की बेला'. मग परत पहिलं.

राग गेला असं म्हणणार नाही. उलट वाढला. एवढा गळा असलेल्या, नौशादला "जीव देईन" म्हणून सांगणाऱ्या बाईला सिनेमावाल्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर पाडत ठेवलं. तिला गाता येतं हे त्यांना माहीत होतं. एखाद्या सिनेमात टुणटुण गंभीरपणे गाते आहे, आणि सगळे ऐकताहेत, असा एक प्रसंग कोणाला सुचला नाही? एकाला सुद्धा?

तानपुरा_मिरज
राग योग्य आहे ताई. फक्त तिची कीव करू नका असं मला सांगावंसं वाटतं. पाचशे रुपयांचा करार मिळवणारी, दिलीपकुमारची अट घालणारी बाई आहे ही. 'बाबुल'पासून १९९० च्या 'कसम धंदे की'पर्यंत ती काम करत राहिली. ते काम तिला आवडत नव्हतं असं गृहीत कशाला धरायचं? सेटवर ती आली की सगळे खुश होत असतील, यावर माझा विश्वास आहे. ते हसू पडद्यावर दिसतं.

मोगरा
काम तिला आवडत असेलही. कारदारांकडचं गाणंही आवडतच असणार. मला दोन्ही हवं होतं तिच्यासाठी.

तानपुरा_मिरज
ते मलाही हवं होतं.

रेडिओवेडी
सगळे प्रतिसाद पुन्हा वाचून काढले. माझ्या मूळ प्रश्नाचा हिशोब असा लागतो: 'प्यासा'तली पुष्पलता, 'दर्द'मधलं एक गाणं, आणि छोटा भीममधले लाडू. दोनशे सिनेमांतून एवढंच वर आलं. मोगरा म्हणते तसं लिहिणाऱ्यांनी दिलं नसेल, पण आपणही शोधलेलं नाही. लाडक्या बाईचं नुसतं नाव लाडकं असून मला पुरत नाही.

तर एक करू या का? प्रत्येकाने तिचा एकेक सिनेमा वाटून घ्यायचा. बघताना पात्राचं नाव, तिचं काम काय, ती काय बोलते, आणि किती हसू अंगावर आहे किती वाक्यावर, ते इथे लिहायचं. बरेचसे सिनेमे यूट्यूबवर आहेत. ११ जुलैला तिचा वाढदिवस येतो, तोवर या धाग्यात तिची पात्रं नावानिशी जमा होतील. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मी घेते.

जुनी_तबकडी
'आर पार' माझ्याकडे. डीव्हीडी आहे, प्रिंट उत्तम.

कांदेपोहे
'नमक हलाल' आम्हाला. लेकीला सोबत बसवणार. खरी टुणटुण मौसी तिने अजून पाहिलेली नाही.

तानपुरा_मिरज
मी 'अनोखी अदा' आणि 'चंद्रलेखा'ची गाणी करतो. शब्द उतरवून देईन. 'चंद्रलेखा'च्या हिंदी गाण्यांचा बरा आवाज कोणाकडे असेल तर कळवा, माझ्याकडच्यात खरखर फार आहे.

मोगरा
'बाबुल' मी बघते.

खमंग
'प्यासा' पुन्हा बघतो. पुष्पलताची वाक्यं शब्दशः उतरवून टाकतो, रविवारपर्यंत.

चिंचपोकळी_फास्ट
तानपुरादादा, 'चंद्रलेखा'चं आईकडे बघतो. तिच्या कपाटात जुन्या कॅसेट्स आहेत. नाहीच मिळालं तर ती फोनवर गाईल, भाजी चुलीवरून उतरवल्यावर.